क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या रुग्णांनी स्वतः चालवलेली संस्था नाशिकमध्ये कशी उभी करावी?

अर्धाफळा (प्रश्न)

नमस्कार. हा मजकूर मी आठ दिवसांत, रोज थोडा थोडा असा लिहिला आहे. कुठे सांधा निसटल्यासारखा वाटला तर सांभाळून घ्यावे.

२०१९ च्या पावसाळ्यात मला चिकुनगुन्या झाला. ताप आठवडाभरात उतरला, सांधेही दिवाळीपर्यंत मोकळे झाले, पण अंगातले त्राण काही परत आले नाही. मी तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होते. सोमवारी लागोपाठ दोन तासिका घेतल्या तर सोमवार-मंगळवार बरे जात आणि बुधवारी सकाळी दात घासण्यापुरतेही उभे राहता येत नसे. सोमवारचा आणि बुधवारचा संबंध लावायला मलाच वर्ष लागले. सहा डॉक्टर आणि अडीच वर्षे झाल्यावर पुण्यातील एका फिजिशियननी मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस (थोडक्यात एमई), म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम, असे निदान केले. त्याआधी येथील एका डॉक्टरांनी जॉगिंग ट्रॅकवर जाऊन रोज पाचशे पावले वाढवत नेण्यास सांगितले होते. मी आज्ञाधारकपणे तीन आठवडे पावले वाढवली आणि पुढचे चार महिने अंथरुणावर काढले. नोकरी त्यातच सुटली.

गेल्या दीड वर्षात, कोणाच्या ओळखीतून तर कोणी दवाखान्याच्या बाकावर भेटून, आम्ही अकरा जण व्हॉट्सअ‍ॅपवर एकत्र आलो आहोत. सात जण नाशिक शहरातले, बाकीचे सिन्नर, ओझर आणि निफाडचे. तिघांचा आजार कोविडनंतर सुरू झालेला आहे. फेब्रुवारीत आम्ही एका वाचनालयाच्या खोलीत पहिली बैठक ठेवली. सात जण येणार होते, तीन आले, त्यातले एक दोन खुर्च्या जोडून आडवे झाले आणि पुढचा आठवडाभर तिघांपैकी कोणालाही फोन उचलता आला नाही. बैठकीचे कामकाज सगळे घरच्या मंडळींनीच चालवले. ती मंडळी मनापासून करतात, त्यांच्याविषयी तक्रार नाही. परंतु बोलता बोलता त्यांनी 'सर्व रुग्णांना रोज सकाळी योगासनांच्या वर्गाला न्यावे' असा ठरावही करून टाकला. आम्ही तिघे तेव्हा 'नको' म्हणण्याच्याही स्थितीत नव्हतो.

परदेशात या आजाराच्या रुग्णांनी स्वतः संस्था काढल्या आणि अनेक दशके चालवल्या, असे वाचले आहे. ज्यांना आंघोळ केल्यावर तासभर पडून राहावे लागते त्यांनी संस्था चालवावी तरी कशी? नोंदणी करावी की गट म्हणूनच राहावे? घरच्यांना आणि डॉक्टरांना त्यात कोणते स्थान द्यावे? आणि हाती इतके थोडे बळ असताना पहिले काम कोणते घ्यावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे. वाचायला मला वेळ लागेल, पण मी सगळे वाचीन.

पंचवटीकर (सध्या शेफील्ड)

अर्धाफळाताई, माझ्या पत्नीला हा आजार नऊ वर्षांपासून आहे, त्यामुळे येथील, म्हणजे ब्रिटनमधील, संस्था मी काळजीवाहकाच्या बाजूने पाहिल्या आहेत.

या संस्था का निघाल्या ते आधी सांगतो, कारण तुमच्या योगासनांच्या ठरावाचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात एक साथ आली आणि तेथील २९२ कर्मचारी आजारी पडले. प्रामुख्याने परिचारिका आणि डॉक्टर. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील एका संपादकीयाने त्या आजाराला मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस या नावाने ओळख दिली. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांत केली. आणि १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, एकाही रुग्णाला न तपासता, जुन्या नोंदी चाळून हा सामूहिक उन्मादाचा प्रकार असल्याचे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिले. लोकांच्या डोक्यात राहिले ते हे शेवटचे. १९७६ मध्ये एमई असोसिएशन स्थापन झाली आणि १९८७ मध्ये अ‍ॅक्शन फॉर एमई सुरू झाली, ती या पार्श्वभूमीवर. दुसऱ्या संस्थेच्या संस्थापकांत क्लेअर फ्रान्सिस होत्या. या बाईंनी १९७३ मध्ये शिडाच्या होडीतून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला होता आणि पुढे त्याच अंथरुणाला खिळल्या, तेव्हा 'आळशी लोकांचा आजार' हे म्हणणे निदान त्यांच्याबाबतीत कोणाच्या तोंडून निघणे अवघड होते.

आता मुख्य गोष्ट. २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पेस नावाच्या उपचार-चाचणीचे निष्कर्ष आले. ६४१ रुग्णांवर झालेल्या या चाचणीने म्हटले की टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत नेणे आणि वर्तनोपचार यांनी रुग्ण सुधारतात. पुढे २०१३ मध्ये त्याच गटाने या दोन्ही उपचारांनी २२ टक्के रुग्ण बरे झाल्याचे लिहिले. संस्थांच्या सभासद-सर्वेक्षणांत मात्र वर्षानुवर्षे उलटे दिसत होते: व्यायाम वाढवल्याने प्रकृती खालावली असेच बहुसंख्य रुग्ण लिहीत होते. अखेरीस अ‍ॅलेम मॅथीस या ऑस्ट्रेलियातील रुग्णाने माहिती अधिकारात मूळ आकडे मागितले. चाचणी घेणाऱ्या विद्यापीठाने नकार दिला, प्रकरण न्यायाधिकरणात गेले आणि २०१६ मध्ये आकडे देण्याचा आदेश झाला. चाचणीपूर्वी ठरवलेल्या निकषांनी ते पुन्हा मोजले, तेव्हा बरे झालेल्यांचे प्रमाण वर्तनोपचारात ७ आणि व्यायामात ४ टक्के निघाले. केवळ तज्ज्ञ डॉक्टरांची वैद्यकीय देखभाल मिळालेल्या गटात ते ३ टक्के होते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ज्या समितीकडून नवी मार्गदर्शक तत्त्वे तयार करून घेतली तिच्यात रुग्णांचेही प्रतिनिधी होते, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या त्या तत्त्वांत ठरावीक टप्प्यांनी वाढवायचा व्यायाम देऊ नये असे स्पष्ट लिहिले गेले. तुमची पाचशे पावले ज्या विचारातून आली तो विचार उलटवायला आजारी माणसांना एवढी वर्षे लागली. म्हणून वाटते, रोजच्या नोंदी ठेवणे हे काम तुमच्या गटाने कधीही सोडू नये.

रुग्णांची संस्था म्हणजे चूक होणारच नाही, असे मात्र समजू नका. पेस चाचणीच्या आखणीत अ‍ॅक्शन फॉर एमई स्वतः सहभागी होती. त्याबद्दल तिने सभासदांचा मोठा रोष ओढवून घेतला आणि पुढे जाहीरपणे खेदही व्यक्त केला. पदाधिकारी तज्ज्ञांच्या टेबलावर बसू लागले की अंथरुणावरचा सभासद लांब पडतो. अतितीव्र रुग्णांची तर वेगळीच संस्था आहे. '२५ टक्के एमई ग्रुप' हे तिचे नावच सांगते की साधारण चौथा हिस्सा रुग्ण घराबाहेर किंवा अंथरुणाबाहेर पडू शकत नाहीत. पत्र, फोन, छापील अंक, यांवरच तिचे काम चालत आले आहे.

संशोधनातही हाच धडा दिसतो. एडिनबरा विद्यापीठ आणि अ‍ॅक्शन फॉर एमई यांनी मिळून केलेल्या डीकोडएमई या जनुकीय अभ्यासात रुग्ण आखणीपासून भागीदार होते, त्यामुळे लाळेचा नमुना घरी बसून टपालाने पाठवण्याची सोय ठेवली गेली. दवाखान्यात येण्याची अट घातली असती तर सर्वांत आजारी माणसेच अभ्यासातून गळाली असती. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष आले. १५,५७९ रुग्णांच्या माहितीवरून जनुकसंचातील ८ ठिकाणी निरोगी लोकांपेक्षा फरक आढळला.

वाचनालयाच्या खोलीऐवजी आणखी एक कल्पना. २०१५ मध्ये अमेरिकेत जेनिफर ब्रिया आणि बेथ मझूर या दोन रुग्ण बायकांनी मीअ‍ॅक्शन हे जाळे उभे केले. पुढच्या वर्षीपासून अनेक शहरांत निदर्शने सुरू झाली, त्यांत रुग्णांच्या जागी त्यांची रिकामी पादत्राणे मांडून ठेवतात. आपल्याकडे अकरा जोड चपला नेऊन ठेवणे हे अकरा माणसे नेण्यापेक्षा नक्कीच सोपे आहे.

किर्दखतावणी

मी तीस वर्षे विश्वस्त संस्थांचे हिशेब लिहिले. माझे मत सरळ आहे: नोंदणी आज करू नका.

महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याखाली संस्था काढायची तर किमान सात सभासद लागतात, आणि तीच संस्था पुन्हा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदवावी लागते. त्यानंतर दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करून लेखापरीक्षण करून घ्यायचे, आणि विश्वस्तांमध्ये एकही बदल झाला तर ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा. धडधाकट माणसांच्या संस्थांचेही बदल अर्ज वर्षानुवर्षे रखडलेले मी पाहिले आहेत. पुढे त्यातून 'खरा विश्वस्त कोण' हा तंटा उभा राहतो आणि बँक खाते गोठते. तुमच्यातले दोन जण चार-चार महिने अंथरुणावर गेले तर हे कोण सांभाळणार? कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी काढण्याचा सल्लाही कोणीतरी देईल. तिच्या कागदपत्रांचा व्याप याहूनही मोठा असतो.

वर्ष-दोन वर्षे पैसा न जमवता गट म्हणून राहा. खर्च येईल तो ज्याचा त्याने करावा. देणगी घेण्याची वेळ आलीच, तर आरोग्यविषयक उद्दिष्टे असलेल्या एखाद्या जुन्या, नोंदणीकृत संस्थेचा उपक्रम म्हणून काम करता येते. हिशेब त्यांचा, निर्णय तुमचा, असा लेखी करार करून घ्यावा आणि देणगीदाराला प्राप्तिकर सवलतीची ८०जी ची पावती त्या संस्थेने द्यावी. परदेशातील मंडळी मदत पाठवू म्हणतील, पण परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी मिळण्यासाठी साधारणपणे तीन वर्षे काम केलेले आणि त्या काळात किमान १५ लाख रुपये उद्दिष्टांवर खर्च केलेले असावे लागते. तेव्हा तो विचार आता डोक्यातून काढून टाकावा. पंचवटीकरांनी सहज म्हणून पाचशे पौंड कोणाच्या बचत खात्यात गटासाठी पाठवू नयेत, हेही याच ओघात सांगून ठेवतो.

इतिवृत्त मात्र पहिल्या दिवसापासून लिहा, वहीत चार ओळी का असेनात. पुढे कधी नोंदणी केलीत तर घटनेत दोन गोष्टी लिहून घ्या: विश्वस्तांत बहुमत रुग्णांचे राहील, आणि गणपूर्तीसाठी फोनवरची उपस्थिती चालेल. बँकेत तिघांपैकी कोणत्याही दोघांची सही चालेल असे ठेवा, आणि त्या तिघांत एक जण निरोगी असू द्या.

उशाशी

मी नाशिकरोडला राहते आणि दिवसातले बावीस तास आडवी असते. हे बहिणीला सांगून लिहून घेतले आहे, तीन बैठकांत. माझी बैठक म्हणजे पाच मिनिटे.

आमच्या चौघींचा एक छोटा गट चार वर्षे टिकला आहे, म्हणून लिहिते. आमच्यात कोणाच्या गप्प राहण्याचा अर्थ राजीनामा असा घेतला जात नाही. दोन महिन्यांनी परत आलेल्या बाईला 'कुठे होतीस' असे विचारायचे नाही, हा नियम आहे. प्रत्येक काम दोघींच्या नावावर असते, म्हणजे एक कोसळली तर दुसरी उचलते, आणि दोघी कोसळल्या तर काम थांबते. थांबू द्यायचे. आवाज सहन न होणाऱ्या असतात म्हणून ध्वनिसंदेश नाहीत, लिहायचे, तेही चार ओळींत. कोणत्याही प्रश्नावर उत्तराची मुदत सात दिवसांची असते, कारण त्याच दिवशी मत मागितले की त्या दिवशी बरी असणारीच मत देते.

घरच्यांबद्दल. माझी बहीण नसती तर हा मजकूर नसता. तरीही ठरवणे आमच्याकडे आणि हातपाय त्यांच्याकडे, हे आम्ही एकदा स्पष्ट बोलून घेतले. त्यांचा वेगळा गट करून द्या. त्यांना आमच्यासमोर न बोलता येण्याजोगे बरेच असते.

आणि गटाच्या नावात 'थकवा' घालू नका, ही विनंती. थकवा म्हटले की समोरचा 'मलाही हल्ली फार थकवा येतो' म्हणतो. अशक्तपणा म्हटले की डिंकाचे लाडू येतात. माझ्याकडे एका दिवाळीत साडेतीन किलो आले होते.

ओझरकर

थोडक्यात लिहितो. आपल्या देशातही रुग्णांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संस्था आहेत. हिमोफिलियाच्या रुग्णांचा महासंघ १९८३ पासून काम करत आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी १९८५ पासून आहे आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. नवी पाटी लावण्याआधी यांपैकी एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्यांशी फोनवर बोलावे. आजार वेगळे असले तरी सभेला येताच न येणारे सभासद त्यांच्याकडेही आहेत.

सातपूर ओपीडी

मी जनरल प्रॅक्टिस करतो. अर्धाफळाताईंना पावले वाढवायला सांगणारा डॉक्टर मी नव्हे, पण काही वर्षांपूर्वी असतो तर मीही तेच सांगितले असते. आमच्या अभ्यासक्रमात या आजाराची ओळख फारशी झाली नाही.

गटात येण्यासाठी निदानाचा कागद मागू नये, असे मला वाटते. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०१५ च्या अहवालात तेथील ८४ ते ९१ टक्के रुग्णांचे निदानच झालेले नसावे असा अंदाज आहे. आपल्याकडे कागद मागितलात तर दारात कोणी उरणार नाही. त्याच वेळी, थकवा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला हाच आजार आहे असे गटाने ठरवून टाकणे धोक्याचे आहे. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग, बी-१२ ची कमतरता, झोपेत श्वास अडकणे, नैराश्य, ही कारणे आधी तपासलीच पाहिजेत, आणि त्यांतील बहुतेकांवर उपचार आहेत. नव्या सभासदाला 'या तपासण्या झाल्या का' एवढे विचारण्याची पद्धत ठेवा.

पहिले काम कोणते, या प्रश्नाला माझे उत्तर आहे: माझ्यासारख्या डॉक्टरांसाठी मराठीत एक पानी पत्रक. रक्ताच्या कोणत्याही एका तपासणीने हा आजार सिद्ध होत नाही. निदान लक्षणांवरून करावे लागते. सहा महिन्यांहून अधिक काळ कामाची क्षमता लक्षणीय घटलेली असणे, झोपूनही ताजेतवाने न वाटणे, श्रमानंतर त्रास वाढणे, आणि यांच्या जोडीला एक तर विचार-स्मरणात गोंधळ किंवा उभे राहिल्यावर वाढणारा त्रास, असे त्या अहवालातील निकष आहेत. यांपैकी श्रमानंतरचा त्रास आम्ही विचारतच नाही, कारण रुग्ण आमच्यासमोर बसलेला असतो तो त्याच्या चांगल्या दिवशी. पत्रकात सर्वांत वर एकच प्रश्न मोठ्या अक्षरात छापा: 'नेहमीपेक्षा जास्त काम झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होते?' अर्धाफळाताईंच्या सोमवार-बुधवारचे उदाहरण तसेच्या तसे द्या. ते कोणत्याही व्याख्येपेक्षा मला लवकर कळले. खाली दहा मिनिटांची तपासणी लिहा: रुग्णाला आडवे ठेवून नाडी मोजावी, मग उभे करून दहा मिनिटे मोजत राहावे. नाडी मिनिटाला तीस ठोक्यांनी किंवा अधिक वाढून तशीच राहत असेल तर त्याची नोंद व्हायला हवी. यासाठी माझ्या दवाखान्यात घड्याळापलीकडे काही लागत नाही. हे पत्रक हाती आले तर आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. तेथे एखाद्या व्याख्यानासाठी अर्ज करता येईल.

डॉक्टर सल्लागार असावा, त्याला मत नसावे. गटात कोणीही औषध, चूर्ण, यंत्र किंवा शिबिर विकणार नाही हा नियम मात्र लेखी करा. ज्या आजाराला खात्रीचा उपचार नाही त्याच्या गटात विक्रेते फार लवकर पोहोचतात.

एका मुद्द्यावर सावध करतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या आजाराचे नाव नाही. 'दीर्घकालीन मज्जासंस्थाविकार' असा एक प्रकार आहे, उदाहरणादाखल मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स दिलेले आहेत. त्या वाटेने प्रमाणपत्र मिळवून देऊ असे आश्वासन गटाने कोणालाही देऊ नये.

अर्धाफळा

सर्वांचे आभार. उत्तरे चार दिवसांत वाचून झाली, आणि कन्येने दोन वेळा मोठ्याने वाचून दाखवली.

किर्दखतावणी काकांचे म्हणणे पटले, नोंदणी नाही. उशाशी, तुमचा सात दिवसांचा नियम आम्ही लगेच लागू केला आणि पहिला प्रश्न योगासनांच्या ठरावाचाच ठेवला. अकरापैकी नऊ जणांनी उत्तरे दिली. सहाव्या दिवशी रात्री निफाडहून एकीचे उत्तर आले, ती बैठकीला आलीच नव्हती. तिला अशाच वर्गात तिसऱ्या दिवशी भोवळ आली होती. ठराव मागे घेतला आहे. माझ्या यजमानांनीच तो मांडला होता, ते दोन दिवस गप्प होते, आता घरच्यांच्या वेगळ्या गटाची यादी तेच करत आहेत.

डॉक्टरसाहेब, पत्रकाचे काम मी आणि सिन्नरचे एक गृहस्थ अशा दोघांच्या नावावर घेतले आहे. मसुदा झाल्यावर आपण तपासून द्याल का? नाडीच्या तपासणीबद्दल एक शंका आहे: ज्यांना दहा मिनिटे उभेच राहता येत नाही त्यांच्याबाबत पत्रकात काय लिहावे? पहिल्या पाच ओळी लिहून झाल्या आहेत. बाकीच्या रविवारनंतर.